काचेत पाणी दिसेनासं झालं तर

सिहोऱ्याबाहेर, तुमसरच्या रस्त्याला हिरालाल शेठची उसन्या तांदळाची मिल आहे. धान आधी हौदात भिजवायचं, मग वाफेवर शिजवायचं, मग वाळवून भरडायचं, असं तिथलं काम. ही सगळी वाफ ज्याच्या पोटातून निघते तो बॉयलर मागच्या शेडमध्ये धानाचाच भुसा खात धुसफुसत असतो. त्याच्यापाशी निळा डगला घातलेली, वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली एक बाई उभी दिसते. पहिल्यांदा येणारा ट्रकवाला तिला बघून थबकतो आणि विचारतो, "बॉयलरवाला कुठं गेला?" ती म्हणते, "बोला न जी. मीच हावो."

तिचं नाव रंजू. ढिवराच्या घरची पोर. बाप श्यामलाल गावच्या तलावात जाळं टाकतो, माय बेबीबाई टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात मासे विकते. रंजूला लहानपणापासून एक खोड होती. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. माय मासा साफ करायला बसली की ही शेजारी उकिडवी.

"माय, याच्या पोटात हा फुगा कायले असते?"

"तरंगाले."

"मंग आपल्या पोटात काहून नाही?"

"आपल्याले बाजारात जाव लागते म्हणून. चाल, राख आण."

दहावीनंतर ती आयटीआयला नाव घालायला गेली, तेव्हा खिडकीतल्या बाबूनं शिवणकामाचा कागद आधीच पुढं सरकवला होता. रंजू मात्र भिंतीवरची यादी वाचत होती. एका नावावर तिचं बोट थांबलं.

"बॉयलर अटेंडंट म्हंजे काय जी?"

"पाणी उकळायचं काम."

"त्याले दोन-दोन वर्षं शिकाव लागते?"

बाबू पुढच्या मुलाचा अर्ज बघायला लागला आणि रंजूला तेवढं पुरेसं होतं. पाणी उकळणं शिकण्यासारखं असतं तरी काय, एवढं बघायला म्हणून तिनं त्या कागदावर सही केली. तिथून पुढं ती हिरालाल शेठच्या मिलमध्ये शिकाऊ म्हणून आली. शेठ घाबरलेच होते. "उद्या काही झालं त लोक मलेच धरतील," असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवायची तयारी केली होती. पण बॉयलरवरचा जुना माणूस टिकाराम मध्ये पडला. म्हणाला, "शेठ, बॉयलर इचारत नाही कोन उभं आहे म्हणून. त्याले पाणी पाहिजे न नजर पाहिजे. पोरीची नजर मी पाहतो." त्यानं पाहिली आणि ठेवून घेतली. रंजू त्याला मामा म्हणायला लागली.

काही वर्षं अशी गेली. मग एका दिवाळीनंतर टिकाराममामानं सांगितलं की या हंगामानंतर तो घरी बसणार. गुडघे बोलायला लागले होते. आता बॉयलरचा ताबा घ्यायचा तर सरकारी परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं, त्याशिवाय कायद्यानं कुणाला बॉयलर चालवता येत नाही. रंजूनं आजवर मामाच्या हाताखाली काम केलं होतं. अनुभव होता, प्रमाणपत्र नव्हतं. शेठ म्हणाले, "बसून घे परीक्षेले. तू पास झाली त मले बाहेरून माणूस आणा लागत नाही."

मामानं घरून आपलं पुस्तक आणून दिलं. कव्हर कधीच गेलेलं, पाठीला वर्तमानपत्र चिकटवलेलं, हिंदीतलं, आणि पान उलटलं की तेलाचा वास. "हे वाचूनच मी पास झालो," मामा म्हणाला. "याच्या बाहेर काही इचारत नाहीत."

पण गोष्ट एवढी सोपी राहिली नव्हती. बॉयलरचा शंभर वर्षांचा जुना कायदा सरकारनं बाजूला काढला होता आणि त्याच्या जागी नवा आणला होता. परीक्षेला बसणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. गोंदिया, भंडारा, नागपूर, इकडून तिकडून पोरं होती त्यात. त्या ग्रुपवर रोज धुरळा. कुणी म्हणे परीक्षा जुन्यावरच होईल, कुणी म्हणे नव्यावर. कुणी लिहिलं, "जुनी पुस्तकं भंगारात द्या." मग नागपूरच्या कुठल्याशा क्लासनं तयार केलेली एक फाईल फिरायला लागली. वर लाल अक्षरात, 'संपूर्ण नवीन कायद्याप्रमाणे, प्रश्न आणि अचूक उत्तरे'. सगळ्यांनी अंगठे वर केले. रंजूनंही ती उतरवून घेतली.

आता तिच्यापुढं मामाचं पुस्तक होतं आणि ही फाईल होती, आणि दोन्हींचं एकमेकांशी जुळेना. जिथं जुळत नव्हतं तिथं खरं कोणतं? दुसऱ्या कुणी डोकं धरलं असतं. रंजूला मात्र नवाच छंद लागला. कायदा बदलला म्हणजे नेमकं काय बदललं? कुणाला वाटलं बदलावा म्हणून? रविवारी तिनं भंडाऱ्याची बस धरली.

भंडाऱ्यात बाजाराच्या गल्लीत मधुकररावांचं पुस्तकांचं दुकान आहे. त्यांचं घराणं मूळचं विणकरांचं. मागाचा आवाज त्यांच्या वडिलांच्या काळातच थांबला, आणि ज्या खोलीत माग होता तिथं पुस्तकांची शेल्फं आली. तलाठी, पोलीस, रेल्वे, बँक, ज्याला जी परीक्षा द्यायची ते पुस्तक मधुकररावांकडं मिळतं. रंजूनं बॉयलरचं पुस्तक मागितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडं नीट पाहिलं.

"भावासाठी पाहिजे का, बेटा?"

"नाही जी. माझ्यासाठीच."

"बॉयलर?" ते म्हणाले, आणि हसण्याऐवजी स्टूल पुढं केलं. "बस. पाणी घे. आणि आधी मला सांग, हे बॉयलर प्रकरण असतं काय?"

रंजूनं सांगितलं. म्हातारा मन लावून ऐकत होता. मग त्यांनी वरच्या खणातून एक जाडसर मार्गदर्शक काढलं. 'सुधारित नवी आवृत्ती', कव्हरवर चकचकीत कारखाना. त्याच्याच शेजारी खालच्या गठ्ठ्यातून त्याच पुस्तकाची जुनी प्रत काढून ठेवली.

"घेशील तर मी विकीन. धंदाच आहे माझा. पण दोन्ही पाह्य उलटून. मला यातलं समजत नाही, तुला समजेल."

रंजूनं दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडली. धडा तोच, चित्र तेच, पानांचे आकडेही तेच. आणि एका पानावर येऊन तिला हसूच आवरेना. जुन्या प्रतीत 'बॉयलरमधील वाफेचा दाब' असं छापायचं तिथं 'बॉयलरमधील वाघाचा दाब' छापलेलं होतं. तिनं नवी आवृत्ती बघितली. तिथंही वाघच.

"मधुकरकाका, वाघ नाही हाललेला जागेवरून."

मधुकरराव वाकून वाचायला लागले आणि त्यांनाही हसू फुटलं. दुकानाच्या मागून त्यांची सून मंजुषा काय झालं म्हणून बाहेर आली. ती जवळच्याच ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. हसणं थांबल्यावर रंजूनं आपली अडचण सांगितली. नवा कायदा नेमका काय म्हणतो हे तिला पाहिजे होतं, पण जो तो दुसऱ्याचं ऐकून सांगत होता.

मंजुषा म्हणाली, "मग मूळ कायदाच का वाचत नाहीस? सरकारच्या साईटवर असतो तो. कुणालाही काढता येतो."

"इंग्रजीत असन न?"

"हिंदीतही असेल. आणि इंग्रजीत मी आहे की."

अशी रविवारची बैठक सुरू झाली. रंजू सकाळच्या बसनं यायची, दुकानाच्या मागच्या खोलीत मंजुषाबरोबर बसायची, आणि जुना कायदा एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला ठेवून दोघी कलम-कलम लावत जायच्या. मंजुषानं आयुष्यात बॉयलर पाहिला नव्हता. रंजूनं कायद्याचं इंग्रजी पाहिलं नव्हतं. एकीला शब्द कळायचा पण वस्तू डोळ्यांसमोर यायची नाही, दुसरीला वस्तू दिसायची पण वाक्य कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते कळायचं नाही. त्यामुळं एकेका कलमाला अर्धाअर्धा तास लागायचा. मंजुषाला वाचता वाचता थांबायची सवयच लागली. "थांब, ही सेफ्टी वॉल्व उघडते म्हणजे आपोआप उघडते? तिला कोण सांगतं?" मग रंजू कागदावर स्प्रिंग काढून दाब वाढला की ती कशी दबते ते दाखवायची.

त्यांना जे सापडलं ते ग्रुपवरच्या गोंधळापेक्षा बरंच साधं होतं. कायदा नवा होता, पण पुष्कळसा जुन्याचाच आटोपशीर झालेला. जुनी, निरुपयोगी कलमं गेली होती. काही चुकांची शिक्षा जाऊन दंड आला होता. ज्यात माणसाच्या जिवाला धोका, तिथली शिक्षा तशीच ठेवली होती. आणि शेवटी एक कलम असं, की नवे नियम येईपर्यंत जुने नियम, नव्या कायद्याच्या आड येत नसतील तिथवर, चालूच राहतील.

मधुकररावांनी दारातून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे लुगडं तेच, काठ बदलला."

"एका जागी पदरही बदलला, बाबा," मंजुषा म्हणाली.

रंजू मात्र दुसऱ्याच विचारात होती. या सगळ्या कायद्यात बॉयलरमध्ये पाणी किती असावं, भट्टी कशी लावावी, याबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणजे कायदा बदलला तरी वाफ काही बदलली नव्हती. मग त्या फाईलमध्ये तो एक प्रश्न तसा का होता?

तो प्रश्न असा होता. बॉयलरला बाहेरून एक उभी काच असते. आतलं पाणी किती आहे ते तीत दिसतं. फाईलमध्ये विचारलं होतं, भट्टी पेटलेली असताना काचेत पाणी दिसेनासं झालं तर सर्वप्रथम काय कराल? आणि उत्तर ठळक केलेलं होतं, 'फीड पंप ताबडतोब सुरू करून पाणी सोडावे.'

मामाच्या पुस्तकात नेमकं उलटं होतं. पाणी अजिबात सोडू नये. आधी आग थांबवावी, हवा बंद करावी, बॉयलर आपोआप थंड होऊ द्यावा.

रंजूनं ग्रुपवर लिहिलं, "काचेतल्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर चुकलेलं वाटते. पाणी सोडायचं नसते." लगेच उत्तरं आली. एकानं लिहिलं, "मॅडम, नवीन कायद्यात बदललं आहे, अपडेट राहा." दुसऱ्यानं लिहिलं, "हा घरचा कुकर नाही." हसरे चेहरे पडले ओळीनं. तिनं विचारलं, कोणत्या कलमात बदललं तेवढं सांगा. त्यावर कुणी काही लिहिलं नाही. फक्त गोंदियाकडच्या एका मिलमधला सचिन नावाचा मुलगा होता, त्यानं वेगळा फोन केला.

"ताई, खरं सांगा, कोन्तं बरोबर आहे? मी त तेच पाठ करून राहिलो."

"मले मालूम नाही, भाऊ," रंजू म्हणाली. "मामाचं पुस्तक एक सांगते, हे एक सांगते. पाहून सांगतो."

तिला खरंच माहीत नव्हतं, ही गोष्ट तिला फोन ठेवल्यावर जास्त बोचली. कायद्यात बदल नाही हे तिनं वाचलं होतं. पण मामाचं पुस्तक बरोबर तरी कशावरून? जुनं आहे म्हणून? ती सरळ बॉयलरवर गेली. मामा भुश्याची नळी झाडत होता.

"मामा, काचेत पाणी नाही दिसलं त पाणी काहून नाही सोडाचं?"

"नाही सोडाचं."

"पण काहून?"

मामा थांबला. फडक्यानं हात पुसले. "उस्तादनं सांगितलं होतं, रिकाम्यात पाणी सोडलं त मेला समज. मी कधी इचारलं नाही." त्यानं पुन्हा नळी उचलली. "इचाराले पाहिजे होतं, नाही का?"

त्या संध्याकाळी घरी बेबीबाई चुलीपाशी बसली होती. रंजूनं मनातलं मायेपुढं मांडलं, कारण तिच्या पुढं मांडल्यावर गोष्ट नेहमी छोटी होते असा तिचा अनुभव. "माय, मातीचं मडकं चुलीवर रिकामं राहिलं न लालबुंद झालं, आणि तू वरून थंडं पाणी टाकलं त?"

बेबीबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू पोरीनं डोकं मिलमध्येच विसरलं. "तडकन. दुसरं काय? आन् वाफ येईन फस्सकन, तोंड भाजून घेशीन ते वेगळंच. मडकं उतरवाचं आधी, निवू द्याचं."

"हाव," रंजू म्हणाली. पण बॉयलर मडकं नव्हता, लोखंडाचा होता. आत नेमकं काय होतं, हे बाहेरून दिसत नव्हतं.

ते दिसण्याची वेळ लवकरच आली. दरवर्षी बॉयलरची सरकारी तपासणी होते. आधी बॉयलर पूर्ण गार करतात, पाणी काढून टाकतात, झाकण उघडतात, आणि मग इन्स्पेक्टर साहेब येऊन आतून तपासतात. त्या वर्षी प्रफुल्ल नावाचे नवे साहेब आले. बारीक अंगाचे, बूट काढून स्वतः आत शिरणारे. ते बाहेर आल्यावर रंजूनं विचारलं, "साहेब, मी पाहू का आतून?"

शेठ गडबडले. साहेब म्हणाले, "पाहू द्या. बॉयलर चालवणाऱ्यानं आतून पाहिलाच पाहिजे."

रंजू वरच्या भोकातून खाली उतरली, हातात लांब वायरचा दिवा. ज्या लोखंडी पोटाकडं ती इतकी वर्षं बाहेरून बघत आली होती, ते आतून असं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. भिंतींवर पाण्यातल्या क्षारांची पांढरी पपडी धरलेली. पायाखाली नळ्यांच्या रांगा. आणि त्यांच्यामध्ये, पालथ्या घातलेल्या मोठ्या गोल पिंपासारखं, भट्टीचं छत. ती त्यावर हात ठेवून बसली. म्हणजे आग याच्या खाली असते आणि पाणी याच्या वर. या पत्र्याला गार ठेवतं ते पाणीच. पाणी या छताच्या खाली गेलं की छत उघडं पडतं आणि खालून आग त्याला भाजत राहते. छताच्या मधोमध एक छोटं पितळी बूच होतं, आत शिसं भरलेलं. पाणी फारच कमी झालं तर ते शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत उतरून आग दडपते, हे तिनं वाचलं होतं. आज तिनं त्यावर बोट ठेवलं. कुणीतरी कधीतरी बसून हा विचार केला होता की माणसाची नजर चुकली तर निदान शिश्यानं तरी जागं राहावं. ती बराच वेळ तिथंच बसली. वरून मामानं हाक मारली, "जीवंत आहेस का व?"

बाहेर आल्यावर, तोंडाला काजळी आणि केसांत पपडी, तिनं साहेबांना तो प्रश्न विचारला. साहेब हात धुता धुता म्हणाले, "तापून लाल झालेल्या छतावर एकदम गार पाणी पडलं तर काय होईल? पत्रा आधीच मऊ पडलेला असतो. आकसतो, फाटतो. शिवाय पाण्याची एका झटक्यात वाफ होते आणि दाब कुठल्या कुठं जातो. पाणी सोडणारा माणूस जागेवर राहत नाही. हे शंभर वर्षांपूर्वीही तसंच होतं आणि पुढंही तसंच राहील. कायदा याला हात लावू शकत नाही."

"मंग साहेब, वाचाचं कोन्तं? जुनं की नवीन?"

साहेबांनी मान वर केली. "मला वाटतं दोन्ही. बदल झाला म्हणतात, पण आधी काय होतं ते ठाऊक नसेल तर कुठं झाला ते कसं कळणार? आणि मूळ कागद हाताशी ठेवायचा. ऐकीव गोष्टीवर बॉयलर चालत नाही. परीक्षेत काय विचारतील ते मात्र मी सांगणार नाही."

"थे मी इचारलंच नाही," रंजू म्हणाली, आणि साहेब हसले.

त्या दिवशी तिनं सचिनला फोन करून सगळं सांगितलं, आतलं छत कसं दिसतं तेही. ग्रुपवर तिनं पुन्हा लिहिलं, या वेळी कारणासकट. कुणी अंगठा वर केला, बहुतेकांनी काहीच केलं नाही. दोन दिवसांनी क्लासनं गुपचूप दुरुस्त केलेली फाईल टाकली, दुरुस्तीचा उल्लेख न करता. रंजूनं ती उघडून बघितली. तो प्रश्न बरोबर झाला होता. दुसऱ्या चार ठिकाणी तिला अजून शंका होत्या, पण आता तिनं ती फाईल सराव म्हणून ठेवली, गुरू म्हणून नाही. प्रश्न तिच्यातून घ्यायचे, उत्तरं दुसरीकडं शोधायची. मामाचं पुस्तक वाफेसाठी. कायद्यासाठी मंजुषानं छापून दिलेले कागद. आणि जे कुठंच मिळत नाही ते बॉयलरपाशी उभं राहून.

मामालाही या शोधाची गोडी लागली. ती साहेबांचं उत्तर सांगायला आली तेव्हा तो भुश्याच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "पुन्हा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. मग म्हणाला, "उस्तादले पण मालूम असन काय?" आणि त्यानंतर तो स्वतःच रोज काहीतरी विचारायला लागला. दाब वाढला की पाणी उशिरा का उकळतं? काच वरून आणि खालून दोन्हीकडं का जोडलेली असते? जाता जाता मामानं इतके प्रश्न विचारले की रंजूचा अर्धा अभ्यास त्यातच झाला.

परीक्षा नागपूरला झाली. लेखी बरी गेली. तोंडीला दोन परीक्षक होते, एक वयस्कर, एक मध्यमवयाचे. वयस्कर परीक्षकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "काचेत पाणी दिसत नाही. काय कराल?"

तिनं सांगितलं.

"का?"

तिनं भट्टीचं छत सांगितलं, शिश्याचं बूच सांगितलं, आणि बोलता बोलता हातानं पालथं पिंप काढून दाखवलं. नव्या कायद्यात काय बदललं ते विचारलं, तेही सांगितलं, आणि जुने नियम अजून का चालू आहेत तेही. मग दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं, "सुपरहीटरबद्दल सांगा."

"थे नाही मालूम जी," रंजू म्हणाली. "आमच्या मिलीत नाही. नाव वाचलं आहे." आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "पण कसा असते तो?"

दोघे परीक्षक एकमेकांकडं बघायला लागले. मग मध्यमवयाच्या परीक्षकांनी कागद ओढला आणि चित्र काढून दाखवलं की वाफ पुन्हा एकदा तापवायच्या नळ्या कशा असतात, आणि कोरडी वाफ कशासाठी लागते. रंजूनं मध्येच विचारलं की मग त्या नळ्यांना गार कोण ठेवतं, त्यांच्यात तर पाणी नाही. वयस्कर परीक्षक म्हणाले, "बाई, परीक्षा तुमची चालू आहे की आमची?" बाहेर बसलेल्यांना आतून हसण्याचा आवाज आला.

बसमध्ये मात्र तिला वाटायला लागलं, आपण परीक्षकांनाच प्रश्न विचारून बसलो. आता गेली परीक्षा. घरी येऊन तिनं मायेला सांगितलं तेव्हा बेबीबाई म्हणाली, "इचारलं त काय झालं? मासे घेणारी बाई मले रोज दहा गोष्टी इचारते. मी तिले मासे देत नाही काय?"

निकाल आला तेव्हा रंजू पास होती. सचिन त्या खेपेला लेखीत राहिला. त्यानं पुढच्या परीक्षेसाठी रंजूकडून मंजुषाचे कागद मागून घेतले. मामा हंगाम संपल्यावर घरी बसला. शेठनी प्रमाणपत्राची प्रत चौकटीत घालून बॉयलरच्या शेडमध्ये लावली.

हंगाम पुन्हा सुरू झाल्यावर एका रविवारी मधुकरराव आणि मंजुषा सिहोऱ्याला आले. मंजुषाचाच हट्ट. ती म्हणाली, "मी या यंत्राचा कायदा दोनदा वाचलाय आणि यंत्र एकदाही पाहिलेलं नाही." हिरालाल शेठनी खुर्च्या मांडल्या, चहा मागवला, पण कुणी बसायला तयार नव्हतं. मधुकरराव प्रत्येक नळीपाशी थांबून ही कुठं जाते म्हणून विचारत होते. मंजुषा ओढणी घट्ट खोचून भट्टीच्या छोट्या झरोक्यापाशी गेली. रंजूनं तिला थोडं मागं उभं केलं आणि झरोक्याचं झाकण सरकवलं.

आत भुसा हवेत उडत उडत जळत होता. लाल नाही, जवळजवळ पांढरा उजेड. मंजुषाच्या चेहऱ्यावर तो पडला.

"चुलीतली आग तर अशी नसते. ही इतकी पांढरी कशी?"

रंजूनंही वाकून पाहिलं. रोज बघत होती ती आग, पण हा प्रश्न तिच्या डोक्यात कधी आला नव्हता.

"हवा जोरात सोडतो म्हणून असन बहुतेक," ती म्हणाली. "पण नक्की नाही सांगता येत. पाहा लागन."

"कुठं मिळेल?" मंजुषानं झरोक्यातून नजर न हलवता विचारलं.

मागून मधुकरराव म्हणाले, "माझ्या दुकानात तर नाही. पण मागवू."